डीपीवरचा शेवटचा नंबर

आत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत आमच्या गच्चीवर सोलरच्या पाट्या पुसत होतो. सकाळची वेळ, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात फोन, आणि खालून बायको सांगतेय की टाकीचं पाणी त्याला वापरू नका. फोन शिवातात्यांचा होता. शिवातात्या म्हणजे आत्तीच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. पलूसजवळच्या वस्तीवर त्यांचं आणि आत्तीचं रान बांधाला बांध लावून आहे, आणि त्या बांधावरूनच दोन्ही घरांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. अशा माणसाचा मला फोन येण्याचं काही कारणच नव्हतं. पलीकडून आधी नुसतं खाकरणं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "दिलीपराव, वैनी गेल्या." आणि मी काही बोलायच्या आत घाईनं पुढे म्हणाले, "लाईट व्हती बरं का. फुल्ल व्हती. झोपंतच…"

माणूस गेल्याची बातमी देताना लाईट होती की नव्हती हे सहसा कुणी सांगत नाही. पण आमच्या आत्तीचा शेवटचा काळ एका यंत्रावर गेला. हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं यंत्र. यंत्र लाईटीवर, आणि लाईट वस्तीवरच्या सात-आठ शेतकऱ्यांच्या मोटारींच्या मर्जीवर. त्यातली सगळ्यांत आडमुठी मोटार शिवातात्यांची. तेव्हा तात्यांना मला एवढंच कळवायचं होतं, की वहिनींचा दम लाईटीपायी गेला नाही… म्हणजे आपल्यापायी गेला नाही. महिना उलटून गेला तरी त्यांचा तो आवाज माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नाव अनुसया, पण ते फक्त रेशनकार्डावर. माहेर सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. तिच्या लहानपणी धरण झालं, डोंगरांवर लोखंडी मनोरे चालत निघाल्यासारखे ओळीनं उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि वीज खाली देशावर निघून गेली. गावात मात्र पुढे कैक वर्षं रॉकेलच्या चिमण्याच. आत्ती सांगायची, "आमच्या खोऱ्यानं वीज लेकीवानी वाढवली आन् सासरी धाडली. माघारपणाला काय ती आली न्हाई." ती स्वतः त्याच तारांच्या मागोमाग लग्न होऊन सांगली जिल्ह्यात आली, त्यामुळे सासरच्यांना चिडवायला आयतं सापडलं. लाईट गेली की तिचे सासरे सोप्यातून विचारायचे, "काय गं पोरी, तुझ्या म्हायेरनं आज काय धाडलं न्हाई वाटतं?" आत्ती चुलीपुढून उत्तर द्यायची, "धाडलंय की, मामंजी. वाटंत कुणीतरी उतरून घेतलं आसंल." सासऱ्यांना उलट उत्तर देणारी सून त्या काळात त्या पट्ट्यात एवढी एकच असावी, आणि तेही हसण्यावारी न्यायचे, कारण तिच्या हातची आमटी.

मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, फौजेत होते. सुट्टीवर आले की ते पाहुण्यासारखे राहायचे आणि घर, ऊस, विहीर सगळं आत्तीच्या शब्दावर चालायचं. ते गेल्यावरही तसंच चाललं. मुलगा संभाजी तोही फौजेतच गेला, आता उत्तरेत कुठंतरी आहे. सून रेखा आत्तीजवळ वस्तीवर राहायची. मी सांगलीत शाळेत इतिहास शिकवतो, आणि घरच्यांच्या मते मला इतिहास सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलता येतं. त्यात वीज हा माझा खास प्रांत. दरवाढीची बातमी आली की मी ती नाश्त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. वीजबिल आलं की त्यातला प्रत्येक आकार कुटुंबाला समजावून सांगतो. मुलं उठून जातात. ऐकणारी एकटी आत्ती भेटली, ती सांगलीला डोळे तपासायला आली होती तेव्हा. स्थिर आकार, वीज आकार, इंधन समायोजन असं करत मी वहन आकारावर आलो. आत्तीनं विचारलं, हे काय? म्हटलं, वीज आपल्या घरापर्यंत वाहून आणायचं भाडं. आत्तीनं बिल डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाली, "आन् न्हाई आणली तर तेवढं कापून घ्येत्यात व्हय?" मी बिल घडी करून ठेवलं.

वस्तीवर लाईट आली ती मला आठवते. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी चड्डीतला. डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बसला त्या दिवशी आत्तीनं खांबाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि खोबरं वाटताना सगळ्यांना सांगितलं की आता माझ्या माहेरची आलीया, नीट वागा. पुढे दर खंडेनवमीला ती आपल्या मोटारीच्या स्टार्टरला झेंडूची माळ घालायची. डीपीला मात्र लांबूनच नमस्कार. वस्तीवरचं बाकी कुणी तेवढंही लांब राहायचं नाही. फ्यूज उडाला की वायरमनची वाट बघण्याइतका दम कुणाला नसे. कुणीतरी काठी घेऊन वर हात घालायचा आणि खालून चौघे त्याला सल्ले द्यायचे.

फ्यूज उडायचा तो मात्र आपोआप नव्हे. त्याला कारण होतं ऑटो. स्टार्टरला जोडायची एक छोटी डबी. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. मालक घरी असो, आष्ट्याच्या बाजारात असो नाहीतर कुणाच्या लग्नात जेवत असो. शेतीची लाईट वेळापत्रकानं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि मोजकी येते, त्यामुळे ती आल्या क्षणी आपली मोटार फिरली पाहिजे असं प्रत्येकालाच वाटायचं. एकानं ऑटो बसवलं. मग दुसरा मागं राहील म्हणून दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्यांनी. आता मोटार जागची उठताना दांडगी वीज ओढते, एकदा फिरायला लागली की निवांत चालते. लाईट यायची, सगळ्या मोटारी एका दमात उठायच्या, डीपी हुंकार भरायची आणि… फट्. मग सगळे आपापल्या रानातून बाहेर येऊन एकदिलानं सरकारला शिव्या द्यायचे. एरवी वस्तीवर एकमत म्हणून दिसायचं नाही, ते तेवढ्यापुरतं दिसायचं. डीपीच जळाली तर दुसरी येईपर्यंत उभा ऊस माना टाकायचा. गंमत अशी, की हीच माणसं विहिरीच्या पाण्याची पाळी घड्याळ लावून पाळतात. आजोबांनी ठरवून दिलेली वेळ नातू मोडत नाही. पाण्याला आजोबा होते. लाईटीला कुणी नव्हतं.

आत्तीची छाती दोन वर्षांपूर्वी बिघडली. जन्मभर चुलीचा आणि गुऱ्हाळाचा धूर. डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं, संभाजीनं ते घेतलं, जोडीला इन्व्हर्टर बसवला, आणि आम्हांला वाटलं झालं. वस्तीवरच्या घरांची लाईट शेतीच्याच डीपीवरून; दिव्यापंख्यापुरती ती दिवसभर असायची, मोटारींची तेवढी वेळापत्रकानं. साध्या लाईट जाण्याची भीती नव्हती, त्याला इन्व्हर्टर होता. भीती होती ती लाईट येण्याची. शेतीची लाईट येणार, मोटारी उठणार, फ्यूज जाणार आणि वायरमन दुसऱ्या टोकाला असणार. एकदा तसं झालंच. सकाळी फ्यूज गेला, दुपारी इन्व्हर्टरची बॅटरी बसली, यंत्र कोकलायला लागलं, आणि रेखानं कुणाची तरी जीप थांबवून आत्तीला पलूसच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, वस्तीवर ठेवू नका. संभाजी फोनवरून म्हणाला, वस्तीवर ठेवू नका. मी तर केव्हाचाच म्हणत होतो. आत्तीला कुणी विचारलं नाही. आम्ही तिला सांगलीला आणलं, सोबत रेखालाही; इन्व्हर्टर वस्तीवरच राहिला.

आणताना गाडीत मी तिला माझ्या सोलरबद्दल सांगत होतो. बिल जवळजवळ शून्यावर आलंय, आता आपली वीज आपल्याच गच्चीवर, सरकार नको, दरवाढ नको. आत्ती हूं हूं करत होती. आल्यावर चारच दिवसांत भर दुपारी लाईट गेली आणि आमच्या घरातलं सगळं बंद पडलं. पंखा, फ्रीज, आत्तीचं यंत्र. रेखानं धावत जाऊन प्राणवायूचा राखीव सिलिंडर लावला. मी धावत गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं आणि पाट्या चकचकीत पडून होत्या, शिक्षकानं प्रश्न विचारल्यावर शेवटच्या बाकावरची मुलं बघतात तशा. ज्यानं सोलर बसवलं त्याला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणाला की सर, बाहेरची लाईट गेली की ही सिस्टीम आपोआप बंद होते. तुमच्या पाट्यांची वीज तारेत गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल ना. हे त्यानं म्हणे मला आधीच सांगितलं होतं. सांगितलं असेल. तेव्हा मी त्याला विजेचं राष्ट्रीय धोरण समजावून सांगत असेन.

खाली येऊन हे आत्तीला सांगितलं, तर नळी नाकात असतानाही ती इतकी हसली की रेखा घाबरली. म्हणाली, "म्हंजे सूर्व्य उगवला तरी वायरमन आल्याबिगर उजेड न्हाई." हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, मला वस्तीवर सोड. मी डॉक्टरांचं सांगितलं, संभाजीचं सांगितलं, इथं लाईट कधीतरीच जाते हेही सांगितलं. ती म्हणाली, "आरं, हितं लाईट जाती ती कुणापायी जाती ते बी कळत न्हाई. तितं निदान माणसं ठावं हायत मला." मी म्हटलं, ठाऊक असून काय उपयोग, ती ऐकणार आहेत का? त्यावर तिनं सौदा केला. एक महिना. लाईटीचं जमलं तर वस्तीवर, नाही जमलं तर मरेपर्यंत माझ्या घरी, वर माझं बिल ऐकायलाही तयार. मी कबूल झालो, कारण जमणार नाही याची मला पक्की खात्री होती. डीपीवर शिवातात्या होते.

वस्तीवर पोहोचल्यावर आत्तीनं दुसऱ्याच दिवशी डीपीवरच्या सगळ्या घरांना शिऱ्याला बोलावलं. अंगणात खुर्ची टाकून, नाकात नळी, मांडीवर पदर आवरून बसली. सगळे आले. शिवातात्या आले नाहीत. त्यांची बायको इंदाकाकी आली आणि उंबऱ्याजवळ उभी राहिली, म्हणजे आलीही आणि नाहीही. शिरा खाऊन झाल्यावर आत्तीनं विषय काढला. बोलताना मध्येच दम घ्यायला थांबायची, आणि ती थांबली की बाकीच्यांनाही बोलता यायचं नाही. मी ते बघून ठेवलं. वर्गात उपयोगी पडेल असं वाटलं, पण पडलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. पाण्याला पाळी लावता, तशी लाईटीला लावा. ऑटो काढा. लाईट आली की एकानं मोटार सोडायची, तिचा आवाज बसला, एकसुरी झाला, की पुढच्याला मिसकॉल. त्यानं सोडली, की त्यानं पुढच्याला. "आन् माझी सगळ्यांच्या शेवटाला," ती म्हणाली.

माना हलल्या. पण कुणी हो म्हणेना. शेवटी एकजण म्हणाला, "आवं आत्ती, आमी समदी काढू. पर शिवातात्या काढायचं न्हाईत. मग आमीच का याड्यावानी हातानं सोडत बसायचं?" हे खरं होतं. तात्यांनी त्या डबीबद्दल आधीच जाहीर केलं होतं की हात लावणाऱ्याचा हात ठेवणार नाही. मी मनातल्या मनात आत्तीची सांगलीतली खोली लावायला घेतली. इंदाकाकी जमिनीकडे बघत होती. आत्तीनं दम घेतला, नळी सारखी केली आणि म्हणाली, "कोण काढ म्हणतंय त्याला? त्याचा पयला नंबर."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आत्ती म्हणाली, "पयल्याच्याला ऑटो असलं म्हणून काय बिघडतंय? लाईट आली की त्याची एकटीचीच उठंल. बाकीच्यांनी तेवढी काढा."

मग कालवा झाला. जो कुणाचं ऐकत नाही त्यालाच सगळ्यांत आधी पाणी, हा कुठला न्याय? आत्तीनं ते सगळं ऐकून घेतलं. तिला वाद घालायला श्वासच नव्हता, त्यामुळे ती एकदाच बोलली. "ज्याला दम न्हाई त्याला मागं हुबा करून काय मिळणार हाय? तो मधीच उडी मारणार. फुडं असूं दे. फुडं गेल्यावर तरी कवातरी मागं बघंल." इंदाकाकी उंबऱ्यावरूनच निघून गेली. संध्याकाळी तिच्या घरून ताकाचा तांब्या आला. बांध ओलांडून त्या घरातून या घरात आलेली कित्येक वर्षांतली ती पहिली वस्तू, असं रेखा म्हणाली.

महिना संपला तेव्हा मी आत्तीला न्यायला गेलो, बायकोनं खोलीला नवे पडदेही लावले होते. आत्तीनं मला खुर्चीत बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं, जे मला जड जातं. थोड्या वेळानं मोटारींची लाईट आली. शिवातात्यांच्या रानातून एकटी मोटार उठली. तिचा आवाज चढला, मग खाली बसला. जरा थांबून लांब दुसरी. मग ओढ्याकडून तिसरी. पंगतीत वाढपी पुढे सरकत यावा तसा तो आवाज रानारानातून आमच्याकडे सरकत येत होता. वरचा बल्ब प्रत्येक वेळी जरासा मान खाली घालायचा आणि पुन्हा वर यायचा, यंत्र काही बोललं नाही. शेवटी आत्तीच्या फोनवर मिसकॉल आला. ती उठली, नळी सांभाळत भिंतीच्या कडेनं पडवीच्या टोकाला गेली. नळी बरोबर तेवढीच लांब घेतलेली होती. तिथं स्टार्टर. तिनं हिरवं बटण दाबलं, ऐकत उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पडदं दुसऱ्या खोलीला लाव जा."

एकदाही फ्यूज गेला नाही असं नाही. माणसं विसरायची, पाहुणे यायचे, एकदोघांनी गुपचूप ऑटो परत बसवून पाहिलं. पण आता फट् झालं की सरकारला शिव्या देण्याआधी प्रत्येकजण शेजाऱ्याला विचारायचा, मिसकॉल न येता कुणी सोडली? मी तिला नव्या योजना सांगत राहिलो. आता शेतीला सूर्याची वीज देणार, दिवसाच देणार, रात्री पाणी पाजायला जायला नको. तिला ते मनापासून आवडलं. संभाजीला कळवायला सांगितलं. पण जाता जाता म्हणाली, "दिवसा आली म्हणून काय झालं. पडणार समदी तिच्यावर एकदमच न्हवं?" दरवाढ, धोरण, सूर्य, कोयना… यावर मी अजूनही नाश्त्याला बोलतो. फक्त हल्ली मध्येच थांबतो. आमच्याकडच्या सगळ्या वादांमध्ये वीज कुणी द्यावी, कितीला द्यावी एवढंच असतं. घेणाऱ्यांनी कसं घ्यावं, हे माझ्या ऐकण्यात फक्त एका बाईनं काढलं, तेही स्वतःच्या अंगणात मरायला मिळावं म्हणून. ते तिला मिळालं.

महिन्याच्या विधीला वस्तीवर गेलो होतो. यंत्र संभाजीनं फौजेत परत जाण्याआधी पलूसच्या दवाखान्यात देऊन टाकलं होतं. त्याच्या जागी एक रिकामा चौकोन, आणि भिंतीवर नळी घासून पडलेली रेघ. आता कुणाचा श्वास त्या डीपीवर अवलंबून नव्हता. आता ऑटो बसवायला कुणाची ना नव्हती. जेवणं झाली, आम्ही पडवीत बसलो आणि लाईट आली. मी सवयीनं शिवातात्यांच्या रानाकडे कान लावला. काहीच नाही. मग लांब कुठंतरी एक मोटार उठली, पण ती त्यांची नव्हती. मग ओढ्याकडची. मी रेखाकडे बघितलं, तिनं नुसती मान हलवली. एवढ्यात तात्याच बांधावरून उतरून अंगणात आले. चपला बाहेर काढल्या, माझ्याशी रामराम केला आणि पडवीच्या टोकाला स्टार्टरजवळ जाऊन उभे राहिले. मी विचारलं, तुमची मोटार बिघडली का? म्हणाले, "बिघडंल कशापायी? ऑटो काढलं. शेवटाला कुणीतरी पायजेच की."

रेखाचा फोन वाजला आणि थांबला. तात्यांनी आत्तीच्या मोटारीचं बटण दाबलं. विहिरीत घरघर उठली. ते तिथून हलले नाहीत. मला राहवेना. म्हटलं, तात्या, जावा आता, तुमची सोडा.

"थांबा की," ते म्हणाले. "वैनींची बसू दे."

आणि स्टार्टरच्या पेटीला पाठ टेकून, मान जराशी कलती करून, ते ऐकत उभे राहिले.